जुनी द्राक्षं जपायची कुठं, मळ्यात का संशोधन केंद्रात?
तासगाव-पलूस पट्ट्यात बघाल तिकडं थॉमसन ही बिनबियांची द्राक्षाची जात, नाहीतर तिच्यातनंच निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका, म्हणजे सगळं एकाच घराण्यातलं. भोकरी, फकडी ही जुनी नावं नवीन पोरांना माहीतच नाहीत, आणि उद्या वाईनसाठी वेगळा वास, जरा जास्त आंबटपणा असलेलं वाण लागलं तर आणायचं कुठनं? बी पेरून तीच जात येत नाही, काडीनंच वेल पुढं न्यावा लागतो, त्यामुळं शेवटचा वेल उपटला की जातच गेली.

केंद्राचा फायदा म्हणजे प्रत्येक वेलाची नोंद असते. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. फ्रान्समधे वासल इथला द्राक्षवेलांचा संग्रह तर समुद्राकाठच्या वाळूत लावला, कारण १८६० नंतर ज्या फायलोक्सेरा किडीनं युरोपच्या बागा मुळापासून खाल्ल्या ती वाळूत पसरत नाही. पण अशा केंद्रात एका जातीचे मोजकेच वेल, मोठी वाईन ट्रायल कशी घेणार?

मळ्यात मात्र वेल आपलं ऊन, छाटणीनंतरचा पाऊस, दावण्या रोग सगळं झेलतो, आणि एखादी वेगळी फूट शेतकऱ्याच्याच नजरेत भरते, तास-ए-गणेश असंच तासगाव तालुक्यात सापडलं की! अडचण एकच, मार्केट नसलं की बाग निघते.

मला विचाराल तर आधी मळा, पण बॅकअप केंद्रात पाहिजेच. जुना वेल असेल त्यानं ऑक्टोबर छाटणीतल्या चांगल्या पिकलेल्या काड्या फेकू नका, लेबल लावून थोड्या केंद्राला विचारून द्या, थोड्या शेजाऱ्याच्या डॉगरिज खुंटावर (कलमासाठी लावतात त्या मुळाच्या वेलावर) कलम करा.