विहिरीत वाकून बघ: मराठी संवादी कथेसाठी इन्फॉर्म की ट्वाइन?

हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्याने बहुधा पाच-दहा इंग्रजी खेळ खेळलेले असतात, संवादी कथांच्या वार्षिक स्पर्धेत (आयएफकॉम्प) एखाद्या वर्षी गुणही दिलेले असतात, आणि आता त्याला स्वतःचे काहीतरी, तेही मराठीत, करून बघायचे असते. म्हणून फार खोलात शिरत नाही: पार्सरच्या खेळात खेळणारा आज्ञा टंकतो, पर्यायांच्या कथेत समोरच्या पर्यायांतून निवडतो; इन्फॉर्म पहिल्यासाठी, ट्वाइन दुसऱ्यासाठी. दोन्ही साधने फुकट आहेत, दोन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात. मी एकच कथा आधी इन्फॉर्म ७ मध्ये आणि मग ट्वाइनमध्ये लिहिली. माझ्यापाशी आहे तो तेवढाच अनुभव. मोजमाप वगैरे काही नाही.

कथा अशी: गोव्यात फोंड्याकडे सावईवेऱ्यात एक जुने घर. पावसाची रात्र, वीज गेलेली. मधे राजांगण, मागीलदारी विहीर, विहिरीत सुटून पडलेली कळशी. आणि कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, राखण करणारा देवचार नावाचा राखणदार, ज्याचा रोट (नैवेद्याची जाड भाकरी) यंदा द्यायचा राहून गेलाय.

असल्या कथेला इन्फॉर्मच हवे असे मला वाटले होते, आणि ते अगदीच चूक नव्हते. ग्रॅहम नेल्सन यांचे मूळ इन्फॉर्म १९९३चे, सातवी आवृत्ती २००६ची. तिच्यात प्रोग्राम म्हणजे जवळपास सरळ इंग्रजी वाक्येच. अमुक खोली तमुक खोलीच्या उत्तरेला आहे, समई कोनाड्यात आहे, असे लिहीत गेलात की घर उभे राहते. अंधाराचे नियम आयते मिळतात. समई हातात नसेल तर माजघरात काही दिसणार नाही, आणि ती खाली ठेवून पुढे गेलात तर ती मागेच जळत राहील. पेटीत ठेवलेली वस्तू पेटी बंद केली की दिसेनाशी होते. यातले काही मला लिहावे लागले नाही.

त्याहून मोठी गोष्ट कळशीची. ती काढायला न्हाणीतली दोरी आणायची, काठावरच्या रहाटाला एक टोक बांधायचे, दुसऱ्याला गळ अडकवायचा. खेळणाऱ्यापुढे फक्त रिकामी ओळ लुकलुकत असते. हे त्याचे त्यालाच सुचावे लागते. सुचले की तो खुर्चीतून उठतो. पर्यायांच्या कथेत ‘दोरी रहाटाला बांध’ हे शब्द निळ्या रंगात समोर आले की कोडे तिथेच संपले. इन्फॉर्मच्या बाजूने याहून मोठा मुद्दा मला माहीत नाही, आणि मी तो अजून मानतो.

तर मग अडले कुठे? विभक्तीत.

आधी वाटले, क्रियापद शेवटी येते एवढीच अडचण आहे. इन्फॉर्मच्या व्याकरणात आज्ञेची ओळ क्रियापदाने सुरू होते. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन मंडळींनी आपापल्या भाषांसाठी जोडण्या केल्या आहेत, पण त्या भाषांतही आज्ञार्थात क्रियापद पुढेच येते, तेव्हा हा प्रश्न त्यांना पडत नाही. आपण म्हणतो ‘दार उघड’. म्हणून मी एक नियम घातला: आलेल्या ओळीतला शेवटचा शब्द उचलायचा, पहिल्या जागी ठेवायचा. दोन दिवस मी स्वतःवर फार खूश होतो.

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. चवथीला आमच्या घरी माणसे भरपूर, वीज बेभरवशाची आणि दुपारी जेवणानंतर कुणाला काही काम नाही. संवादी कथेला याहून चांगले परीक्षक मिळणार नाहीत. माटोळीखालीच, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, लॅपटॉप ठेवला, नोंद चालू केली आणि बाजूला झालो. इन्फॉर्मच्या खेळात ही सोय मोठी छान आहे: एक आज्ञा दिली की पुढे खेळणाऱ्याने काय काय टंकले नि खेळाने काय उत्तर दिले, सगळे एका फाइलीत उतरते. दुसऱ्याचा खेळ तपासून देताना मंडळी तीच फाइल पाठवतात, आणि मधे काही म्हणायचे असले की ओळीच्या सुरुवातीला तारा (*) करून लिहितात.

माझ्या काकीने पहिली ओळ टंकली: ‘दार उघडू का?’

तिने परवानगी मागितली होती. घर दुसऱ्याचे, रात्रीची वेळ, विचारल्याशिवाय कसे उघडायचे? माझ्या नियमाने ‘का’ उचलून पुढे ठेवला आणि खेळाने सांगितले की त्याला हे क्रियापद ठाऊक नाही. चुलतभावाने लिहिले ‘दार उघड रे’. वहिनींनी ‘दार उघडा’, कारण यंत्राला अरेतुरे करायचे त्यांच्या जिवावर आले. धाकट्याने लिहिले ‘बांध दोरी रहाटाला’. तेही मराठीच आहे की! आपण बोलताना क्रियापद कुठेही टाकतो. शेवटचा शब्द पुढे आणला तेव्हा ‘रहाटाला’ क्रियापद झाले.

हे सगळे निस्तरता येते. ‘रे’, ‘ना’, ‘की’, ‘जरा’ गाळले, उघड-उघडा-उघडतो-उघडू एका पंक्तीला बसवले. खरा त्रास नामांनी दिला. इंग्रजीत वस्तूचे नाव कायम तेच राहते, नाते वेगळ्या शब्दाने दाखवतात. आपल्याकडे ते नाते नावाला चिकटते, आणि चिकटताना नावच बदलून टाकते. विहीर, पण विहिरीत, विहिरीला, विहिरीतून, विहिरीपाशी. ही सगळी एकाच वस्तूची नावे म्हणून एकेक करून सांगावी लागतात. त्यात ऱ्हस्वदीर्घ! फोनवर टंकणारा ‘विहीरीत’ लिहितो, ‘विहिरित’ लिहितो, आणि त्याला चूक ठरवणारा मी कोण? शिवाय गोव्यात घर असल्यामुळे कुणीतरी विहिरीला कोकणीतले ‘बांय’ लिहिणारच. एकट्या विहिरीची एकतीस रूपे माझ्या यादीत झाली. मग समई, कळशी, रहाट, पाट, उंबरठा.

प्रत्यय सरसकट छाटून टाकावेत, असे एकाने सुचवले. पण ‘दोरीला गळ बांध’ आणि ‘गळाला दोरी बांध’ यांत कशाला काय बांधायचे ते त्या ‘ला’मुळेच कळते. तो छाटला की खेळाला अर्थ लागत नाही. म्हणून मी ‘ला’ तोडून स्वतंत्र शब्द करायचा नियम लिहिला: ‘दोरी ला गळ बांध’. सुंदर चालला. मग वहिनींनी लिहिले, ‘पेला उचल’. खेळाने ‘पे’ नावाची वस्तू शोधली आणि इथे तसले काही दिसत नाही म्हणून कळवले.

आणखी एक गंमत सांगतो, तक्रार म्हणून नव्हे. पडद्यावर देवनागरी नीट उमटते, पण खेळणाऱ्याने टंकलेली देवनागरी ऐकून घ्यायला इन्फॉर्मच्या जुन्या चौकटीत वेगळी तजवीज करावी लागते. ती केली, तरी शब्दकोश मुळात शब्दाची पहिली नऊ चिन्हेच लक्षात ठेवतो. इंग्रजीत नऊ म्हणजे पुष्कळ. आपल्याकडे प्रत्येक मात्रा नि हलन्त वेगळे मोजले जाते. ‘दिवाणखान्यात’ आणि ‘दिवाणखान्यातून’ हे दोन्ही नवव्या चिन्हाला ‘न्’वर येऊन तुटतात, म्हणजे खेळाच्या लेखी आत जाणे नि बाहेर पडणे एकच. ‘दिवाणखाना’ मात्र निराळा शब्द. हा आकडा वाढवता येतो, मी वाढवला. पण तोवर पंधरा दिवस मी कथेचे एक वाक्य लिहिले नव्हते. देवचार कुळागरात तसाच उभा होता आणि मी ‘पेला’ दुरुस्त करत होतो.

माझे पारडे झुकले ते इथे. तुमचे झुकेलच असे नाही. ज्याला व्याकरणाशी झटापट करण्यातच मजा वाटते, त्याने इन्फॉर्म घ्यावे. हे काम कुणी नीट केले तर मी पहिला हात जोडीन. आता इन्फॉर्मचा मूळ कोड खुला आहे, २०२२ पासून, म्हणजे दार तरी बंद नाही.

ट्वाइन क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणले. पडद्यावर चौकोन मांडायचे, दुहेरी चौकटी कंसात शब्द लिहिला की पुढच्या चौकोनाला बाण जातो. विभक्ती माझी, वाक्य माझे, शुद्धलेखनाच्या चुकाही माझ्याच. खेळणारा फक्त बोट लावतो. टंकलेले समजून घेण्याचा प्रश्न त्याक्षणी नाहीसा झाला, आणि पहिल्या संध्याकाळी मी कथेची अकरा पाने लिहिली.

ट्वाइनला खोड नाही असे नाही. ब्राउझरमध्ये लिहिलेत तर कथा त्या ब्राउझरच्याच पोटात राहते. भाच्याने एकदा मोठ्या प्रेमाने माझा लॅपटॉप ‘साफ’ करून दिला, आणि साठेक चौकोन गेले. तेव्हापासून उतरवून घेतलेले ट्वाइन वापरतो आणि रोज रात्री कथेची प्रत वेगळी काढतो. तुम्हीही पहिल्या दिवसापासून काढा. दुसरे म्हणजे, अंधार, समई, कळशी कुठे आहे, हे सगळे आता लक्षात ठेवायचे काम आपले. समई विझली तरी माजघराचे वर्णन आपले छान उजेडात चाललेय, असे माझे तीनदा झाले. आणि चौकोन वाढले की नकाशा माटोळीच्या दोऱ्यांसारखा दिसायला लागतो. कोणती कुठे बांधली ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

ट्वाइनमध्ये कथेचा साचा, म्हणजे कथा चालवणारी आतली यंत्रणा, कोणता घ्यावा यावर लोक तावातावाने बोलतात. मी हार्लोवरून शुगरक्यूबवर आलो, कारण त्यात खेळ जतन करायची सोय तयार असते आणि बटणांवरचे इंग्रजी शब्द मराठीत बदलता येतात. काकीला ‘जतन’ कळते. एवढेच कारण.

तयार कथा म्हणजे एकच फाइल असते. ती व्हॉट्सॅपवर पाठवता येते, फक्त काही फोन ती निमूट उघडतात आणि काही कशाने उघडू म्हणून विचारत बसतात. तेव्हा कुठेतरी चढवून दुवा द्यावा हे बरे.

संवादी कथा लिहिणाऱ्या-खेळणाऱ्या मंडळीत वावरायचे म्हणून साधन निवडत असाल, तर तो वेगळा हिशोब. १९९५ पासून चालत आलेल्या त्या वार्षिक स्पर्धेत आज दोन्ही प्रकारचे खेळ येतात. परीक्षक कुणीही होऊ शकतो, निदान पाच खेळांना एक ते दहात गुण द्यायचे, आणि पहिल्या दोन तासांत जे खेळलात त्यावरच द्यायचे. तिथे ट्वाइन घेऊन गेलो म्हणून माझ्याकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहिले नाही. खेळ द्यायची मुदत मात्र आता ऑगस्टअखेर, म्हणजे चवथीच्या धावपळीला लागूनच, आणि हे मी आयोजकांना काय समजावणार! हॅलोविनच्या सुमाराला एक्टोकॉम्प ही दुसरी स्पर्धा असते, त्यात चार तासांत लिहून संपवलेल्या खेळांचा एक विभाग आहे. चार तासांत ट्वाइनमध्ये भुताची गोष्ट होते. इन्फॉर्ममध्ये माझा उंबरठासुद्धा होत नाही.

पण ओळख व्हायला लिहावेच लागते असे नाही. मी दोन वर्षे फक्त दुसऱ्यांचे खेळ तपासून दिले. पार्सरचा खेळ तपासायला दिला तर ती नोंदीची फाइल पाठवता येते आणि लेखकाला पानापानावर कळते की तुम्ही कुठे अडखळलात. ट्वाइनवाल्याला तुम्ही ‘छान आहे’ म्हणता नि तो बिचारा ते खरे मानतो. ही उणीव मला अजून सलते. त्यावर माझा उपाय घरगुती आहे: खेळणाऱ्याच्या शेजारी वही घेऊन बसायचे, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

इंक हे तिसरे साधन मी जेमतेम दोन आठवडे हाताळले. इंकल या केंब्रिजच्या कंपनीने ते २०१६ मध्ये सर्वांना खुले केले. एका सलग मजकुरात लिहायचे, चौकोन नाहीत, बाण नाहीत. ज्यांना नकाशा डोक्यात ठेवता येतो त्यांना ते ट्वाइनपेक्षा आवडेल. मला येत नाही.

तर मराठीत पहिली कथा असेल तर मी ट्वाइन म्हणेन, फार आवाज न करता. कोड्याचे काय, तर मी असे केले: ‘दोरी रहाटाला बांध’ असा पर्याय कुठेच ठेवला नाही. वर्णनातली दोरी, रहाट, गळ, कळशी हे शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट लावता येतील असे ठेवले. आधी एकाला लावायचे, मग दुसऱ्याला. क्रम चुकला तर दोरी सुटते. इन्फॉर्मची सर नाही, पण खेळणाऱ्याला विचार करावा लागतो.

पुढच्या चवथीला काकीने ही प्रत एका दुपारीत संपवली, देवचाराला रोटसुद्धा पोचवला. मला हायसे वाटले. फोन परत देताना म्हणाली, “बरी झालीय रे. पण त्या दुसरीत मी विहिरीत वाकून बघितले होते, ते इथे कुठे आहे?”

आधीच्या वर्षीची नोंदीची फाइल काढून बघितली. खरेच, तिने टंकले होते, बरोबर ऱ्हस्वदीर्घासह, आणि खेळाने तिला समजले नाही म्हणून सांगितले होते. तरी तिच्या आठवणीत ती वाकली होती आणि तिला खाली पाणी दिसले होते. त्या रात्री मी एक चौकोन वाढवला.