बदामीचा लाल कातळ आणि एका मार्गदर्शन सेवेचा दिवस

सह्याद्रीच्या बेसॉल्टवर दोर लावून थोडीफार चढाई केलेले आम्ही बेळगावचे चौघे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यरगट्टी-लोकापूरमार्गे बदामीला गेलो, ते तिथल्या वालुकाश्मावरचा बोल्ट मारलेला एखादा मध्यम कठीण मार्ग स्वतः लीड करून, म्हणजे वरून दोर नसताना बोल्टांत दोर अडकवत आधी चढून पाहण्यासाठी. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. पहाटे निघाल्यास ऊन तापण्याआधी कड्याखाली पोहोचता येते. साहित्य आणि बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळून पडणाऱ्याला झेलणारा जाणकार माणूस यांसाठी तिथल्याच एका छोट्या मार्गदर्शन सेवेकडे आम्ही एक दिवसाचे पैसे भरले होते, आणि हे परीक्षण त्या सेवेचे आहे.

सुरुवात मनासारखी झाली नाही. भाड्याच्या चार जोड बुटांपैकी दोहोंचे रबर अंगठ्यापाशी पार झिजलेले होते, शिवाय बुटांचे भाडे वेगळे द्यावे लागेल हे फोनवर कोणी सांगितले नव्हते. या कातळावर आडव्या थरांच्या बोटभर रुंद कडांवर पायाचे टोक टेकवून शरीर तोलायचे असते, त्यामुळे झिजलेला बूट ही किरकोळ बाब ठरत नाही. हार्नेस, हेल्मेट आणि दोर यांबाबत मात्र तक्रारीला जागा नव्हती.

मार्गदर्शकाने निवडलेला मार्ग फ्रेंच श्रेणीनुसार ६ए+ चा, अंदाजे अठरा मीटर उंच आणि आठ बोल्टांचा होता. मेखा ठोकत चढणाऱ्याला आयते बोल्ट दिसले की काम सोपे वाटते, आणि नेमका तिथेच माझा गैरसमज झाला. तिसऱ्या बोल्टवर घाईने दोर अडकवून मी पुढे सरकणार तोच खालून 'थांबा' असा आवाज आला. माझा दोर क्विकड्रॉमधून, म्हणजे बोल्टला दोर जोडणाऱ्या दोन कड्यांच्या पट्टीतून, उलटा, म्हणजे माझ्याकडून कातळाच्या बाजूला गेला होता. तो कातळाच्या बाजूने आत शिरून आपल्याकडे बाहेर यायला हवा. उलटा राहिला तर पडताना कॅराबिनरच्या, म्हणजे त्या उघडझाप होणाऱ्या कडीच्या फाटकावर आडवा येऊन तो आपोआप सुटू शकतो. बारा-तेरा फूट खाली उभे राहून बिले देणाऱ्या मार्गदर्शकाने हे पाहिले, यातच माझ्या मते दिवसाचे पैसे वसूल झाले.

पाचव्या बोल्टच्या वर कातळ किंचित पुढे झुकतो आणि हातांच्या पकडी एकाएकी लांब जातात. मी दंडांच्या जोरावर ओढून घेण्याचा प्रयत्न करीत राहिलो आणि खालून तो शांतपणे 'कालु नोडी, कालु नोडी' म्हणत राहिला. सीमाभागातल्या माणसाला एवढ्या कन्नडसाठी दुभाषा लागत नाही. पण पाय बघायचे सुचेपर्यंत दंड भरून आले होते आणि मी सुटलो. पडताना झटका जाणवला नाही, कारण दोर ताणला जाण्याच्या क्षणी त्याने स्वतः हलकी उडी घेऊन माझे वजन झेलले. दोर घट्ट आवळून पडणाऱ्याला भिंतीवर आपटवणारे बिले देणारे मी आमच्याच मंडळींत पाहिले आहेत (त्यांत एके काळी मीही होतो). दुसऱ्या प्रयत्नात डावा पाय कमरेएवढ्या उंच कडेवर ठेवला आणि ती अवघड जागा दोन हालचालींत संपली.

आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. आम्ही पाळीपाळीने चढत असताना त्याने दोर मार्गाच्या माथ्यावर कायम बसवलेल्या लोखंडी कड्यांतून न ओवता स्वतःच्या कॅराबिनरमधून लावला होता. वालुकाश्माची रेती दोरात बसते आणि असा दोर भाराखाली सतत घासला गेला की त्या लोखंडी कड्यांना खाच पडते. परतताना शेवटच्या माणसानेच तेवढा त्यांचा वापर केला.

बिले, गाठींची तपासणी आणि मार्गाची निवड यांसाठी या सेवेची शिफारस मी निःसंकोच करीन. अगदी नवख्यांना, विशेषतः लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना, ती फारशी सोयीची वाटणार नाही, कारण टॉप रोपचे, म्हणजे दोर आधीच वरून लावलेले सोपे मार्ग विचारले तेव्हा उत्तर मोघम मिळाले. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा याच माणसाकडे दोन दिवस ठरवले आहेत. बूट मात्र घरून नेणार आहोत.