वाचन शिकवायचं कुणी: मराठीच्या बाईंनी की प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने?

वाचन-लेखन मराठीच्या तासालाच शिकवलं की जबाबदारी एकाकडे राहते, शुद्धलेखनही सुधारतं. पण कवितेचं सुरेख रसग्रहण लिहिणारी मुलगी प्रयोगवहीत अडते. तिथे ‘निळा लिटमस लाल झाला’ एवढंच हवं असतं.

प्रत्येक शिक्षकाने आपापल्या विषयाचं वाचन शिकवलं तर? मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, हे आमची मुलं पाठ म्हणतात. इतिहासाच्या तासाला निजामाचं फर्मान आणि सत्याग्रहीची आठवण शेजारी ठेवून विचारावं: कुणी लिहिलं, कुणासाठी? भूगोलात जायकवाडीचा पाणीसाठा आलेखावरून वाचावा. गणितात ‘५ ही संख्या कोणत्या संख्येपेक्षा ३ ने कमी?’ इथे ‘पेक्षा’ निसटला की उत्तर २ येतं, ८ नाही.

यात वेळ फार जातो, पोर्शन रखडतो. तरी मी हीच वाट धरेन. आठवड्याला एक तास मिळाला तरी.