अनुदानासाठी खातं कोणतं: पीककर्जाच्या बँकेतलं की पोस्टातलं?

पीएम-किसानचे दोन हजार असोत, नमो शेतकरीचा हप्ता असो, ठिबकचं अनुदान असो की अतिवृष्टीची मदत, सगळं आता आधारवरूनच येतं. आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलं, पैसे तिथेच पडतात. म्हणून बँक विचार करून निवडावी लागते. मी आधी पीककर्जाच्या बँकेत अनुदान घेत होतो, आता पोस्टाच्या बँकेत, म्हणजे इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत घेतो.

कर्जाच्या बँकेची सोय मी नाकारणार नाही. खातं आधीच असतं, सातबारा-आठअ तिथे दिलेला असतो, साहेब ओळखीचे असतात. कर्ज दरवर्षी ३१ मार्चच्या आत भरून नवं उचलणाऱ्याने खातं बदलायची घाई करू नये, असं माझं मत आहे.

माझं मात्र एक वर्ष सोयाबीन पाण्यात गेलं आणि कर्ज थकलं. दिवाळीच्या तोंडावर अतिवृष्टीची मदत जमा झाल्याचा मेसेज आला. स्लिप भरून काउंटरवर गेलो तर थकलेल्या कर्जापायी खात्याला होल्ड लागलेला, म्हणजे पैसे काढायला बंदी. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, असं शासन निर्णयात लिहिलेलं असतं. त्याची प्रत जोडून अर्ज दिला. "वरून आल्याशिवाय होल्ड निघत नाही" एवढंच उत्तर मिळालं. चार खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला एक दिवस मोडला. होल्ड निघेपर्यंत रानातली ओल उडाली होती. हरभऱ्याच्या बियाण्यासाठी धरलेला पैसा पेरणी टळल्यावर हातात आला. ते रान त्या रब्बीत पडीक राहिलं. पैसा माझ्याच नावावर दिसत होता आणि मला हात लावता येत नव्हता, हे मला आजही सहन होत नाही.

पेमेंट्स बँकेला कर्ज देण्याचीच परवानगी नाही. तिथे आपली थकबाकी नसते, म्हणून तिच्यासाठी होल्डही लागत नाही. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. त्यात पोस्टमन दारात येऊन अंगठ्यावर पैसे देतो. आईला आता तालुक्याला न्यावं लागत नाही.

उणिवा आहेतच. दिवसाअखेर दोन लाखांवर शिल्लक ठेवता येत नाही. शेततळं किंवा ट्रॅक्टरचं मोठं अनुदान यायचं असेल तर पोस्टाचं बचत खातं जोडून घ्या, वरची रक्कम तिकडे वळते. कापूस वेचणीत बोटं चिरली की अंगठा उठत नाही. ही अडचण आधारवर पैसे देणाऱ्या कुठल्याही बँकेत येते. आणि पीककर्ज इथे मिळणार नाही, त्यामुळे जुनं खातं बंद करू नका.

कर्ज थकलेल्या खातेदाराच्या हाती अनुदानाचा हप्ता वेळेत पडायचा असेल, तर मी पोस्टाकडे झुकेन. फक्त एक सांभाळा. आधार हलवलं की गॅसच्या सबसिडीसकट सगळंच हलतं. पुढे जुन्या बँकेत केवायसीसाठी आधार दिलं आणि फॉर्मवरच्या आधार जोडणीच्या चौकटीत खूण झाली, तर अनुदान पुन्हा तिकडेच जातं. सही करण्याआधी ती चौकट पाहा. हप्त्याच्या आठवडाभर आधी आधारच्या संकेतस्थळावर कोणत्या बँकेचं नाव दिसतं, तेही मोबाईलवर बघून घ्या.