बिझनेस मॉडेल कॅनव्हास: प्रश्न नेमके, हिशेब मात्र आपणच मांडायचा

धंदा कसा चालणार हे मांडायचा, व्यवस्थापन-लेखक अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांचा हा नऊ रकान्यांचा एकपानी तक्ता फुकट डाउनलोड होतो. ए३ कागदावर छापा, ए४वर लिहायला जागा पुरत नाही. सोलापुरात ओळखीतल्या नव्या धंद्यात पाच-दहा लाख घालायचे असतील, तर आधी संस्थापकाला समोर बसवून हा भरून घ्यावा.

सुरुवात उजवीकडून: गिऱ्हाईक कोण, आपल्याकडूनच का घेईल, माल पोचणार कसा, पैसे कशाचे मिळणार. बरेच जण डावीकडून सुटतात आणि मशिनरी, एमआयडीसीतली जागा, कामगार यातच रमतात. गिऱ्हाईकाच्या रकान्यात ‘सगळेच’ असं आलं, तर पुढचे रकाने भरण्यात अर्थ नाही.

इथवर तक्ता चोख. गोची होते ती उत्पन्न आणि खर्चाच्या रकान्यांत, कारण तिथे ‘ऑनलाइन विक्री’, ‘कुरिअर’ एवढं लिहिलं तरी रकाना भरलेला दिसतो. समजण्यापुरते आकडे धरून शेंगा चटणीचा धंदा मांडू. पाव किलोचं पाकीट जीएसटी सोडून १५० रुपयांना. माल-मजुरी ५२, पॅकिंग १४, कुरिअर ५५, कमिशन १५; हातात उरले १४. नवं गिऱ्हाईक आणायला जाहिरातीवर १८० जात असतील, तर तेरा ऑर्डरींनंतर तो खर्च निघणार. इतक्यांदा कोण परत येतं? हीच चार पाकिटं एका ऑर्डरीत गेली, कुरिअर ८० आणि कमिशन ६० पडलं, तर १९६ उरतात आणि जाहिरात पहिल्याच फेरीत वसूल. चटणी तीच, धंदा वेगळा. तक्त्यात हा फरक कुठेच दिसत नाही.

टॉवेलच्या धंद्यात अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. माल ४५ दिवस पडून, व्यापाऱ्याची उधारी ६० दिवस, सूतवाला थांबतो १५ दिवस. म्हणजे पैसा ९० दिवस अडकला. महिन्याचा खर्च ८ लाख असेल तर २४ लाख कायम गुंतलेले. कागदावर नफा दिसत असतानाही असा धंदा पगाराच्या तारखेला अडतो. विक्री वाढली की ही रक्कमही वाढते, हे संस्थापकाच्या सादरीकरणात सहसा नसतं.

स्पर्धेला वेगळा रकाना नाही, ही दुसरी उणीव. चादरीवाले ‘आमच्याकडे जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे मालाला गावाचं नाव लावायचा हक्क) आहे’ म्हणून सांगतात. जीआय एका कंपनीच्या मालकीचा नसतो. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्या शेजारच्या कारखान्यालाही ते नाव वापरता येतं. शेजाऱ्याला नाही जमणार असं यांच्याकडे काय आहे, ते विचारा.

पाचपैकी साडेतीन तारे. भरलेल्या तक्त्यासोबत सहा महिन्यांचे जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) आणि बँक स्टेटमेंट मागून घ्या आणि विक्रीचा आकडा दोन्हींशी ताडून बघा. कॅश ऑन डिलिव्हरीतला परत आलेला मालही काही जण विक्रीतच धरतात.