गाडी, लपण की पायपीट? खानदेशात शिकारी पक्ष्याचा जवळून फोटो कसा काढावा

थंडी पडली की नव्या छायाचित्रकारांचा एक प्रश्न हमखास येतो: ६०० एमएमची लेन्स घेऊ का? कॅमेरा असतो, दोन-तीन हिवाळ्यांत काढलेले कापशी घारीचे फोटो असतात, आणि प्रत्येक फोटोत कापशी म्हणजे तारेवरचा पांढरा ठिपका. लेन्स लांब झाली की पक्षी मोठा होईल, असा सरळ हिशोब असतो. माझं उत्तर असं की आधी पक्ष्याजवळ कसं जाणार ते ठरवा, लेन्सचं मग बघू.

याचं कारण इथली हवा. आपल्याकडची काळी जमीन लवकर तापते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेनऊ-दहापर्यंत हवा स्थिर असते, मार्चमध्ये आठ वाजताच जमिनीलगत लहरायला लागते. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण लांब लेन्समधून पिसांच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या हलतात. साठ मीटरवरच्या पक्ष्यावर कितीही महागडी लेन्स रोखा, मधली साठ मीटर हवा फोटोत येणारच. साधं गणित मांडतो. क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० एमएम लावून साठ मीटरवरून फोटो काढला, तर चौकटीत सुमारे २.३५ मीटर रुंदी मावते. कापशी जेमतेम ३३ सेंटीमीटरची. तीच कापशी ४०० एमएमने पंधरा मीटरवरून टिपली तर चौकटीची रुंदी ९० सेंटीमीटरच्याही आत येते. शिवाय मधली हवा चौथा हिस्सा. म्हणजे खरी निवड लेन्सची नाही, अंतर कमी करायच्या पद्धतीची आहे. आपल्या भागात अशा पद्धती तीन, आणि पाण्यावर गेलात तर चौथी.

गाडी

दहातल्या सात-आठ जणांना मी गाडीच सुचवीन. रस्त्याकडेच्या तारांवर आणि बाभळींवर बसणारे पक्षी दिवसभर ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, छोटा हत्ती बघत असतात. चाकांवरच्या पत्र्याची त्यांना धास्ती नसते, दोन पायांवर उभ्या माणसाची असते. मोटारसायकल इथे फसते. पळती मोटारसायकल चालते, पण थांबून पाय जमिनीला टेकला की तिसा (पांढुरक्या डोळ्यांचा शिकारी पक्षी) उडालाच समजा.

जागा निवडताना महामार्ग सोडा. धुळे-जळगाव-भुसावळ रस्त्यावर फोटोसाठी गाडी थांबवणं म्हणजे मागच्या ट्रकला आमंत्रण. हतनूर आणि गिरणेच्या कालव्यांलगतचे कच्चे रस्ते, पाटचाऱ्या, कपाशी-हरभऱ्याच्या पट्ट्यातले शेतरस्ते बघा. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मात्र नजरच पोहोचत नाही, बागांच्या भिंतीच उभ्या असतात. तिथे वेळ घालवू नका.

सकाळी गाडी पूर्वेकडून पश्चिमेकडे नेत राहिलात की ऊन पाठीशी राहतं. पक्षी दिसला की लगेच ब्रेक मारू नये. वेग आधीच कमी असावा, आणि गाडी सरळ त्याच्याकडे न नेता बाजूने निघून जातोय अशा बेताने सरकवावी. चाळीस मीटरवर थांबून इंजिन बंद करा, चार फोटो काढा, मिनिटभर तसेच बसा. मग पुढे. दार उघडायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही. एसी आधीच बंद करून काचा खाली केलेल्या असाव्यात, कारण गार केबिन आणि गरम बाहेर यांच्या सीमेवरही हवा लहरते. त्याच कारणाने बोनेटवरून नेम धरू नका.

एकटे असाल तर एक अडचण येते. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे डाव्या तारेवरचा पक्षी तुमचा नाही. चालवायला कोणी सोबत असेल तर मागच्या सीटवर बसा, दोन्ही खिडक्या तुमच्या. खिडकीवर टेकवायला बीन बॅग लागते. जुन्या जीन्सचा पाय कापून शिंप्याकडून दोन्ही तोंडं शिवून घ्या, आत तांदूळ भरा. विकतची याहून चांगली नसते.

गाडीतून कोण मिळतं? कापशी, शिक्रा, तिसा, हिवाळ्यात खरुची (छोटा ससाणा, केस्ट्रेल). यातला तिसा नवशिक्याचा खरा मित्र: बुटक्या झाडावर, कुंपणाच्या खांबावर तो बराच वेळ बसून राहतो. त्याचे पांढुरके डोळे दहा-बारा मीटरवरून टिपायला मिळाले तर त्या सकाळी आणखी काही मिळालं नाही तरी चालतं. कोण मिळत नाही तेही सांगतो. भोवत्ये (हॅरियर) मिळत नाहीत. ते शेतांवरून जमिनीलगत तरंगत जातात आणि रस्त्याची फारशी पर्वा करत नाहीत. शिवाय गाडीतला कोन खालून वर असतो. तारेवरचा पक्षी, मागे पांढरं आकाश आणि पोटाखालून गेलेली तार, असे फोटो ढिगाने जमतील. एक्सपोजर (फोटोतला उजेड) पाऊण ते एक स्टॉप वाढवा, नाहीतर पोट काळं येईल.

लपण

लपण म्हणजे आत बसून फोटो काढायचा आडोसा. स्वतःचं किंवा मामा-काकांचं शेत असेल तर मी गाडीपेक्षा लपणाला वरचा नंबर देईन. नसेल तर नाही. लपणाला एकच जागा आठवडे राखून ठेवावी लागते, आणि परक्याच्या शेतात ते जमत नाही. बांधावर कापड टाकून आडवे झालात की दहा मिनिटांत कोणीतरी येऊन विचारणार, "काय करी राह्यना भाऊ?" आणि तुम्ही उत्तर देईपर्यंत पक्षी तालुक्याबाहेर.

घाटेअळी खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला हरभऱ्यात पक्षीथांबे लावा, असं कृषी खातं सांगतंच. तोच टी आकाराचा थांबा तुमचं काम करतो. उंदीर असलेल्या शेतात उंच आणि मजबूत थांबा ठोकला तर कापशीही त्यावर बसते, आणि तारेविना, डोळ्यांच्या पातळीजवळ मिळते. लपणासाठी विकतचा छद्मरंगी तंबू चालतो, पण वेचणी संपल्यावर बांधाला रचलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) त्याहून बऱ्या. शेतात त्या असतातच, पक्ष्याला नवं काही वाटत नाही. थांब्यापासून दहा-बारा मीटरवर, सकाळचं ऊन पाठीशी येईल असं उभारा आणि काही दिवस रिकामं सोडा. लेन्सच्या भोकात काळी बाटली अडकवून ठेवा, म्हणजे पुढे खरी लेन्स आली तरी दचकणं नाही. आत जाताना सोबत एक जण न्या, आणि त्याला मोकळेपणाने चालत परत पाठवा. माणूस निघून गेला असं पक्ष्याला वाटतं, दोघांतला एक उरलाय हा हिशोब बहुधा त्याला जमत नाही.

मग जे मिळतं ते गाडीत कधीच मिळत नाही. उंदीर फाडणं, चोच घासणं, पंख ताणणं, न पचलेल्या केसा-हाडांची गोळी ओकणं. भोवत्येसुद्धा हरभऱ्यावरून कधी कधी अगदी समोरून जातात.

त्याची किंमतही मोजा. तीन-चार तास बसून राहायचं, अर्ध्या वेळी काहीच येत नाही. फेब्रुवारीअखेर आत भट्टी होते. पऱ्हाट्यांच्या ढिगाऱ्यात घोणस आणि विंचू राहतात, म्हणून रोज बसण्याआधी काठीने झोडपून घ्या. पुस्तकं सांगतात अंधारात जाऊन बसा. मी आपल्याकडे तसं सांगणार नाही. चोपडा, यावल, चाळीसगाव भागात बिबट्या फिरतो, आणि रानडुकरांसाठी कोणी बेकायदा तारेत वीज सोडली असेल तर ती अंधारात दिसत नाही. उजाडल्यावर जा, पहिला तास गेला तर गेला.

घरट्यासमोर लपण उभारण्याचा मोह होतो, कारण तिथे पक्षी येणारच. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणं धरलेलं आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपतो. उंदीर किंवा कोंबडीचं पिल्लू बांधून घार बोलावणारेही भेटतील. ते फोटो ओळखू येतात: पक्षी नेहमी त्याच जागी झेपावतो आणि नजर कायम लेन्सच्या खाली.

पायी

पायी जवळ जाणं ऐकायला सर्वांत स्वस्त आणि करायला सर्वांत अवघड. मोकळ्या शिवारात तिसा आणि गावाजवळचा पिंगळा सोडला तर बहुतेक पक्षी पन्नास मीटरही सहन करत नाहीत. जायचंच असेल तर तिरपं जा, त्याच्याकडे टक लावू नका. पक्ष्याने अंग चोरून पिसं आवळली, मान पुढे काढली किंवा शीट टाकली की पुढची पायरी उड्डाणाची असते. तिथेच थांबा, शक्यतो दोन पावलं मागे या.

पायपीट खरी उपयोगी पडते सातपुड्यात, जिथे गाडी जात नाही. यावल किंवा अनेर अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. इथे रानपिंगळ्याचा, म्हणजे या जंगलातल्या दुर्मिळ छोट्या घुबडाचा, उल्लेख टाळता येत नाही. १८८४ नंतर त्याची विश्वासार्ह नोंद नव्हती, मधल्या काळातला एक नमुना तर चोरीचा आणि खोट्या चिठ्ठीचा निघाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. तो दिवसाही उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे फोटो अवघड नसतो. म्हणूनच लोक मोबाइलवर त्याची हाक वाजवून त्याला पुढ्यात आणतात. जोडी मग हद्द राखण्यात सकाळ घालवते. रानपिंगळा दिसेल तेवढ्या अंतरावरून घ्या, जवळून टिपण्याच्या यादीत तो नकोच.

आणि हतनूर

तापी-पूर्णेच्या संगमाखालच्या या जलाशयात गाडी काठापर्यंतच नेते. हिवाळ्यात मासे पकडणारा कैकर पाण्यातल्या खुंटावर बसलेला असेल, तर मासेमारांच्या होडीला पर्याय नाही. होडीवाले दादा रोज त्याच वाटेने जाळी टाकायला जात असतील तर त्यांच्यासोबतच जा. वेगळी होडी करून मधोमध गेलात की आधी बदकं उठतात आणि त्यांच्या गोंधळात कैकरही जातो. ट्रायपॉड नेऊ नका, होडीत तो नुसता डुलतो. शटर १/२००० च्या खाली आणू नका.

आता लेन्स. गाडी ठरली असेल तर १००-४०० पुरते, उरलेल्या पैशांत दोन हिवाळ्यांचं पेट्रोल येतं. लपण ठरलं असेल तर १५०-६०० घ्या, पण ६०० च्या ताकदीपेक्षा मागे येण्याच्या सोयीसाठी: दहा मीटरवर ६०० एमएमला चौकट ४० सेंटीमीटरपेक्षाही अरुंद होते आणि कापशीने पंख उघडले की ते कापले जातात. शिवाय एफ ६.३ ला (लेन्सचं छिद्र तेवढं उघडं असताना) त्या अंतरावर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सात सेंटीमीटर असते, तेव्हा फोकस डोळ्यावरच हवा. पायी फिरणार असाल तर दोन किलोची लेन्स तोरणमाळच्या चढावर नकोशी होते. निकॉन पी९५० सारखा किलोभराचा कॅमेरा तिथे बरा, फक्त त्याचा सेन्सर छोटा असल्याने सूर्य वर येईपर्यंत त्याच्याकडून फार अपेक्षा धरू नका. अजून काहीच ठरत नसेल तर हातात आहे ती लेन्स आणि कोणाची तरी गाडी घेऊन जानेवारीत एखाद्या पाटचारीवर दोन-चार सकाळी काढा, खरेदी त्यानंतर.