पीव्हीसीची फुगवायची बोट: नागपूरच्या उन्हात सांभाळताना

बोट चांगली आहे. खोक्यात तिच्यासोबत येणारं सामान मात्र बदलावं लागतं, आणि बोटीच्या किमतीइतकाच खर्च त्यावर होतो. घेण्याआधी हे धरून चाला.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली. एनडीआरएफ आणि एसडीआरएफ या बचाव दलांच्या बोटी शहरभर फिरत होत्या, पण सगळीकडे एकाच वेळी कोण पोचणार? म्हणून आमच्या कॉलनीने वर्गणी काढून चार माणसांची बोट घेतली. साडेतीन मीटर लांब, लेबलवर पेलायचं वजन ४०० किलो. सांभाळायला माझ्याकडे दिली, कारण माझं घर पहिल्या मजल्यावर आहे. पुरासाठी घेतलेली बोट तळमजल्यावर ठेवून काय कामाची? शिवाय मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे, आणि ते इथे रोज उपयोगी पडतं.

सगळ्यात आधी पंप. सोबतचा पंप गाडीच्या सॉकेटवर चालणारा होता. पुरात वीज जाते आणि गाड्या पाण्यात बुडतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून दांडा वर ओढताना आणि खाली दाबताना, दोन्ही वेळा हवा भरणारा हातपंप घेतला. त्याला दाब दाखवणारा काटा आहे. या काट्याशिवाय नागपुरात ही बोट वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे. बोटीतला जादा दाब, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा, वातावरणाच्या दाबाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. सकाळी ३० अंशांना भरलेली हवा उन्हात ६० अंशांवर गेली, तर एकूण दाब साधारण दहा टक्के वाढू पाहतो. म्हणजे जादा दाब दुपटीच्याही वर. बोटीचं कापड ताणून थोडं सोसतं, मग जोड उसवतात. उन्हात ठेवायची असेल तर थोडी हवा सोडा. थंड पाण्यात उतरवल्यावर बोट मऊ पडते, ती गळती समजू नका; पुन्हा काटा बघून भरा. बाजूचे कप्पे आळीपाळीने थोडे थोडे भरावेत, एकच कप्पा पूर्ण भरला की मधल्या पडद्यावर ताण येतो.

वल्ही प्लॅस्टिकची होती, जोर लावला की वाकायची. अ‍ॅल्युमिनियमची घेतली. वल्हं जिथे बोटीला घासतं तिथे पीव्हीसीचा जादा तुकडा चिकटवून घेतला. दोर पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, तो तरंगतो, नायलॉनचा बुडतो. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं हवं.

सरावाला आम्ही काटोलकडे भाच्याच्या शेततळ्यावर जातो. तळ्याच्या काठाचं प्लॅस्टिक फार निसरडं असतं. काठावर दोर धरून एक माणूस उभा असल्याशिवाय तिथे कोणी बोटीत बसत नाही.

आता दुरुस्ती. सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन पीव्हीसीवर टिकत नाही. त्याला दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद लागतो. मला हे काम इतवारीतल्या एका ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराने शिकवलं. साबणाचं पाणी लावून भोक शोधायचं, हवा सोडायची, अ‍ॅसिटोनने पुसायचं. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, म्हणजे ते उचकटत नाहीत. गोंदाचे दोन हात द्यायचे, बोटाला चिकचिक लागेस्तोवर थांबायचं, मग दाबायचं आणि २४ तास हात लावायचा नाही. काम करून देण्यापेक्षा शिकवण्यात त्यांनी जास्त वेळ घालवला, त्याचं मला फार अप्रूप वाटलं. त्यांच्या कामाला पैकीच्या पैकी. हे सगळं फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत उरकून घ्यावं. जुलैच्या दमट हवेत गोंद नीट धरत नाही.

चकाकीसाठी गाडीचं सिलिकॉनचं पॉलिश अजिबात लावू नका, पुढे तिथे ठिगळ बसणार नाही. बोट पूर्ण वाळवून, टाल्कम पावडर भुरभुरवून, सैल गुंडाळी करून लोखंडी पेटीत ठेवते. उंदरांपासून वाचवायला दुसरा उपाय नाही. घडी दर वेळी वेगळ्या जागी पाडते, नाहीतर तिथेच चीर पडते. गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवायचा आग्रह काहींनी केला होता, मी चक्क नाही म्हटलं.

आणि ही बोट कशासाठी नाही, तेही सांगते. वाहत्या पाण्यासाठी नाही. पुराच्या पाण्याखाली गेटचे भाले, काटेरी तारा, फुटक्या काचा असतात आणि हे कापड पातळ आहे. गल्लीत पाणी थांबलं असेल, तळ माहीत असेल, तर एखाद्या आजीला दोन घरं पलीकडे जिन्यापर्यंत नेता येईल. ओढ असेल तर जवानांचीच वाट बघायची, हे आम्ही कॉलनीतल्या पोरांकडून कबूल करून घेतलं आहे.

बोटीला पाचपैकी साडेतीन. सोबतच्या पंपाला आणि वल्ह्यांना एक.